दीपकाडी अंगणात नेऊ नये: कोकणच्या सड्यावरील एका दुर्मीळ फुलाविषयी

राजापूर तालुक्यातील, सध्या मुंबईत राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या वरच्या अंगाला त्यांच्या कुटुंबाचा सुमारे तीन एकर कातळसडा आहे. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराब म्हणून नोंदलेली आहे आणि आजवर तिच्यावर गुरे चरण्यापलीकडे काही झालेले नाही. गेल्या वर्षी आषाढाच्या सुरुवातीला त्यांच्या मातोश्रींना तेथे पांढऱ्या फुलांचे शेकडो दांडे दिसले. गावातील एका शिक्षकांनी ती दुर्मीळ रानलिली असल्याचे सांगितले. आता भावाच्या मनात सडा फोडून हापूसची कलमे लावावीत असे आहे. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी त्या फुलांचे कंद काढून घराच्या अंगणात किंवा कुंड्यांत लावले तर ती जात वाचेल का, आणि कंद कोणत्या महिन्यात काढावेत, असे त्यांनी विचारले आहे. प्रश्नासोबत दोन छायाचित्रेही पाठवली आहेत.

छायाचित्रांवरून ही वनस्पती दीपकाडी आहे याविषयी मला शंका वाटत नाही. शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकणेन्स. कंद अंगणात नेऊ नयेत, हे माझे उत्तर आहे. ते इतक्या ठामपणे का देतो, हे समजण्यासाठी सड्याविषयी बरेच सांगावे लागेल, कारण माझ्या मते आपला प्रश्न फुलापेक्षा त्या तीन एकरांचा आहे.

आधी ओळख नक्की करून घ्यावी. पावसाळ्यात सड्यांवर पांढरी फुले येणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पांढऱ्या मुसळीच्या जातींची फुले चांदणीसारखी पूर्ण उघडतात, सहाही पाकळ्या साधारण सारख्या दिसतात आणि पिवळे परागकोश बाहेर उठून दिसतात. नागदवण्याच्या कुळातील वनस्पतींमध्ये सगळी फुले दांड्याच्या टोकाला एकाच ठिकाणाहून झुबक्याने निघतात. हाबेनारिया या जमिनीवरच्या आमरींच्या, म्हणजे ऑर्किडच्या, फुलाला खाली ओठासारखी वेगळी पाकळी आणि मागे शेपटीसारखी नळी असते. रानकांदा फुलतो तेव्हा त्याला पाने नसतात. दीपकाडीची फुले मात्र एका सरळ, हिरव्या, गुळगुळीत दांड्यावर खालून वर अशी अंतराअंतराने लागतात आणि त्याच क्रमाने उमलतात. दांडा फूट-दीड फुटाचा, चांगल्या जागी त्याहूनही उंच असतो. फूल इंचभराहून लांब असते. गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून एकच फूल नीट पाहावे. बाहेरच्या तीन पाकळ्या वरच्या भागात मोकळ्या होऊन मागे वळलेल्या असतात, तर आतल्या तीन एकमेकींना धरून सरळ उभ्या राहतात आणि त्यांची एक नळी झाल्यासारखी दिसते. सहा पुंकेसर त्या नळीच्या आतच, पाकळ्यांना चिकटलेले असतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. पाने थोडी, अरुंद, मांसल आणि पन्हाळीसारखी खोलगट असतात. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात वळलेल्या तीन पाकळ्या आणि उभी नळी इतकी स्पष्ट आली आहे की त्यावरूनच निर्णय करता आला.

शिक्षकांनी तिला लिली म्हटले यात त्यांची फारशी चूक नाही. ज्या काळात आपल्याकडच्या वनस्पतींची मोठी इंग्रजी पुस्तके लिहिली गेली, त्या काळी कांदा, मुसळी, कळलावी, दीपकाडी हे सगळे एकाच लिलीच्या कुळात घातले जात असे. पुढे त्या मोठ्या कुळाची फोड झाली आणि दीपकाडी आज शतावरीच्या कुळात गणली जाते. काटेकोर अर्थाने लिली म्हणावी अशी वनस्पती महाराष्ट्राच्या सह्याद्रीत निसर्गतः उगवत नाही. त्यासाठी दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या डोंगरांपर्यंत किंवा उत्तरेला हिमालयात जावे लागते. मणिपूरच्या शिरुई डोंगरावरची प्रसिद्ध लिलीही त्याच खऱ्या लिलींपैकी आहे. तरीही बोलीत दीपकाडीला रानलिली म्हटल्याने काही बिघडत नाही.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन निकोल अलेक्झांडर डालझेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये प्रसिद्ध केले. हे गृहस्थ मुंबई इलाख्यात सरकारी नोकरीत होते आणि अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनी १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला. त्यांनी दिलेल्या जातिवाचक नावातच कोकण आहे. पुढे लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानातील बेकर यांनी तिला डिपकॅडी या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, आणले. या प्रजातीचे नाव आपल्याला 'दीप' आणि 'काडी' असे फोडता येते आणि काळ्या कातळावर उभा राहिलेला पांढरा दांडा पाहिला की ते मनाला पटतेही, परंतु हे नाव मुळात पूर्वेकडील तुर्की बोलीतील एका कंदवर्गीय फुलाचे असल्याचे सांगतात. मराठी 'दीपकाडी' ही त्या शास्त्रीय नावावरूनच घडली असावी असे मला वाटते. घडली कशीही असो, नाव सुंदर आहे आणि ते आता आपलेच झाले आहे.

आता सड्याकडे वळतो. कोकणाचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, उष्ण आणि अतिपावसाच्या हवेत लाखो वर्षे झीज होत गेली. त्यातील विरघळणारी द्रव्ये धुपून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहून घट्ट झाली. तोच हा जांभा. वरचे कवच कठीण असते, त्याखाली सच्छिद्र थर आणि त्याहीखाली पाणी सहज न झिरपू देणारी चिकण माती असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील असे सडे समुद्रसपाटीपासून साधारण ५० ते २०० मीटर उंचीवर आहेत. कास आणि पाचगणीची पठारेही जांभ्याचीच, परंतु ती हजार मीटरहून उंच आहेत आणि तेथील हवा निराळी आहे. म्हणून कासचे सगळे नियम कोकणच्या सड्याला लागू पडत नाहीत. दीपकाडीच्याच प्रजातीतील दुसऱ्या काही जाती त्या उंच पठारांवर, तर एक मुंबईजवळच्या कान्हेरी परिसरातील खडकांवर नोंदलेली आहे. कोंकणेन्स ही जात मात्र खालच्या, समुद्राजवळच्या सड्यांची आहे आणि पश्चिम किनाऱ्याच्या या अरुंद पट्ट्याबाहेर जगात कोठेही निसर्गतः सापडत नाही.

सडा उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तो पडीक वाटतो, यात नवल नाही. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, गवत वाळून करडे होते आणि जिवंत म्हणावे असे काही डोळ्यांना दिसत नाही. पण सडा हा सपाट दगड नव्हे. त्यावर तळहाताएवढ्या खळग्यांपासून तळ्याएवढ्या सखल जागांपर्यंत असंख्य उंचसखल भाग असतात आणि प्रत्येक जागेचे पाणी वेगळे असते. उघड्या कातळावर पाणी पडते आणि वाहून जाते. उथळ खळग्यात ते दोन दिवस टिकते आणि सखल भागात पावसाळाभर साचते. जेथे बोटभर माती आहे तेथे एक वनस्पती, वीतभर आहे तेथे दुसरी. सीतेची आसवे आणि गेंद पाणथळ मातीत, कीटक धरणारा दवबिंदू ओलसर उताराला, तेरडा आणि कवला जरा खोल मातीत. दीपकाडीची जागा या सगळ्यांच्या मध्ये कोठेतरी, फार नेमकी आहे. पाणी पाऊसभर मिळावे पण कंदाभोवती तुंबू नये, माती थोडी असावी पण इतकी नसावी की उंच गवत तिला झाकून टाकेल. म्हणून ती कातळाच्या भेगांत, दगडांच्या कडेला आणि खळग्यांच्या काठाला दिसते. एक पाऊल इकडे जास्त ओल आणि एक पाऊल तिकडे कोरडा दगड, अशा पट्टीत ती ओळीने उभी असते. आपल्या पहिल्या छायाचित्रात दांडे जणू कोणी पेरल्यासारखे वळणावळणाने एका रेषेत आहेत. ती रेष म्हणजे कातळातली भेग आहे.

तिचे वर्षही तितकेच नेमके बांधलेले आहे. आठ महिने ती केवळ कंदाच्या रूपात जमिनीखाली असते. मृगाचा पाऊस लागून कातळ निवला की पाने आणि दांडा वर येतात आणि जूनच्या अखेरीपासून जुलैमध्ये, म्हणजे आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात, ती फुलते. मोठे गवत वाढण्यापूर्वी हे सगळे उरकलेले असते. त्यानंतर तीन कोपऱ्यांची बोंडे धरतात आणि ती उकलली की चपट्या, काळ्या बिया खाली पडतात. भाद्रपद सरता सरता पाने पिवळी पडू लागतात, दसऱ्याला तेथे काही होते याची खूणही उरत नाही. जमिनीचा सौदा करणारी, मोजणीला येणारी माणसे बहुधा दिवाळीनंतर येतात. त्यांच्या अहवालात 'झाडझाडोरा नाही' असे लिहिले जाते आणि त्यांनी जे पाहिले त्यापुरते ते खरेही असते.

आपण लिहिता की एके ठिकाणी शेकडो दांडे आहेत, मग ही दुर्मीळ कशी. हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला जातो आणि तो योग्यही आहे. दुर्मीळ म्हणजे प्रत्येक ठिकाणी विरळ असे नव्हे. दीपकाडी जेथे आहे तेथे दाटीने असू शकते, पण तशी ठिकाणे मोजकी आहेत आणि ती एकमेकांपासून तुटलेली आहेत. एक सडा गेला की त्यावरची सगळी संख्या एका आठवड्यात जाते. तिचे बीज लांबच्या सड्यावरून येऊन ती जागा पुन्हा भरेल, अशी आशा धरता येत नाही, कारण मधल्या दऱ्या, वाड्या आणि बागा ओलांडून नेणारे कोणी नसते.

कंद हलवण्याविषयी मी अनुभवाने बोलतो. अनेक वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या रुंदीकरणात सड्याची कड जाणार होती. मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी त्या पट्ट्यातील वीस-पंचवीस कंद काढले आणि घाटमाथ्यावरील एका बागेत नेले. कंद काढतानाच पहिली अडचण कळली. ते भेगेत असे रुतलेले होते की दगड फोडल्याशिवाय निघेनात, आणि निघाले त्यांतील निम्म्यांना इजा झाली. बागेत आम्ही जांभ्याचा चुरा घालून वाफा केला, निचरा ठेवला, पावसाळ्यात पाणी दिले नाही. पहिल्या वर्षी पाने आली, दोन-तीन दांडेही आले आणि आम्हाला आनंद झाला. दुसऱ्या वर्षी पाने बारीक झाली. तिसऱ्या पावसाळ्यात वाफा उकरून पाहिला तेव्हा हाताला मऊ, कुजलेले कंद लागले. कोणत्या कारणाने गेले हे आम्ही पुष्कळ दिवस शोधत होतो. मला आज वाटते की कारण एक नव्हतेच. तापलेल्या कातळाखालची आठ महिन्यांची कोरडी, धगधगती विश्रांती, पहिल्या पावसाचा एकदम बसणारा मारा, भेगेतला निचरा हे सगळे मिळून तिचे घर आहे, आणि ते वाफ्यात उभे करणे आम्हाला जमले नाही.

कुशल माणसाने निगा राखली तर काही कंद कुंडीत जगतातही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतील दुर्मीळ वनस्पती जतन करण्याचे मोलाचे काम झाले आहे आणि अशा संग्रहांची गरज आहेच. परंतु अंगणातल्या दहा कुंड्या म्हणजे जात वाचणे नव्हे. कुंडीतल्या रोपाला फळ धरले तरी त्याच्या बिया सिमेंटवर पडतात. आणि त्या तीन एकरांवर दीपकाडी एकटी नाही. तिच्याबरोबर गेंद, आसवे, आमरी, डबक्यांतले बेडूक आणि दगडांखालच्या पाली आहेत. त्यांना कोण कुंडीत लावणार?

भावाच्या इच्छेला मी कमी लेखत नाही. पोटखराबा म्हणून नोंदलेल्या जमिनीतून घरासाठी काही उत्पन्न व्हावे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि सड्यावर आंबा होतो हेही खरे आहे. पण तो कसा होतो ते पाहावे. पूर्वी सुरुंग लावून खड्डे फोडत, आता यंत्राने फोडतात, आणि त्या खड्ड्यांत बाहेरून माती आणून भरतात. ही माती पुष्कळदा सड्याच्याच सखल भागांतून खरवडून आणली जाते. म्हणजे खड्डा जेथे पडला तेथले तर जातेच, माती जेथून उचलली तेथलेही जाते. उरलेल्या जागेत ये-जा करण्यासाठी सपाटीकरण होते, गवत मारण्यासाठी औषध फवारले जाते आणि भेगा मातीने बुजतात. चिरेखाणीत तर काहीच शिल्लक राहत नाही. जांभा ताजा असताना मऊ असतो आणि उघड्यावर कठीण होतो, या गुणामुळेच त्याचे चिरे पाडता येतात. पण ज्या कवचावर दीपकाडी उगवते ते आधी बाजूला फेकले जाते.

आणखी एक गोष्ट घरात बोलून पाहावी. आपल्या वाडीतल्या विहिरी कोठे आहेत? माझ्या अंदाजाने सड्याच्या पायथ्याला असतील. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यात मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाड्या तेथेच वसल्या, कारण पाणी तेथे होते. सडा फोडून त्याचा उतार आणि भेगा बदलल्या तर त्या झऱ्यांचे काय होईल, हे बाग लावण्यापूर्वी वडीलधाऱ्या माणसांना विचारावे. फुलासाठी न थांबणारा माणूस पाण्यासाठी थांबतो, असे मी पाहिले आहे.

माझी सूचना अशी. येत्या पावसाळ्यात जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर, असे दोनदा सड्यावर जावे आणि जेथे जेथे दांडे दिसतील त्या जागा हाताने काढलेल्या नकाशावर उतरवाव्यात. तीन एकरांत दीपकाडी सर्वत्र नसते. ती बहुधा एक-दोन पट्ट्यांत एकवटलेली असते. ते पट्टे आणि त्यांना पाणी पुरवणारा वरचा उघडा कातळ एवढे पूर्णपणे सोडून द्यावे. बाग करायचीच असेल तर ती सड्याच्या कडेला, जेथे मुळातच खोल माती आहे तेथे, थोडक्या कलमांनी करावी आणि माती सड्यावरून उचलू नये, ही अट घालून घ्यावी. वरचा कातळ सोडून द्यायला मी सांगतो ते लोकांना पटायला जड जाते, कारण त्यावर एकही फूल नसते. पण त्याच्यावरून ओघळणारे पाणीच भेगेत जाते.

गुरे बंद करावीत का, असेही आपण विचारले आहे. माझ्या मते करू नयेत. गुरे काही दांडे खातात हे खरे, परंतु चराई आणि गवतकापणी पूर्ण थांबवलेल्या जागी उंच गवत दाटते आणि कमी उंचीच्या वनस्पती मागे पडतात, असे मी वारंवार पाहिले आहे. फुलोऱ्याच्या तीन-चार आठवड्यांत गुरे दुसऱ्या बाजूला वळवली तर पुरते. कुंपण घालण्याची घाई करू नये. खांबांसाठी खड्डे खणतानाच नुकसान होते. कचरा, राडारोडा टाकणे आणि सड्यावर गाड्या नेणे मात्र कटाक्षाने थांबवावे. ओल्या मातीतून एकदा गाडी गेली की चाकोरीत पाणी तुंबते आणि ती खूण कित्येक पावसाळे राहते. फुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकताना गावाचे आणि जागेचे नाव देऊ नये, कारण कंद उपटून नेणारे लोकही तीच चित्रे पाहतात.

कायद्याच्या अंगाने जमीन खाजगी असल्याने निर्णय प्रथम आपल्या कुटुंबाचा आहे. तरी दोन गोष्टी करता येतील. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या सड्याची नोंद, महिना आणि छायाचित्रांसह, तीत करून घ्यावी. पुढे रस्ता, खाण किंवा प्रकल्प आला तर 'येथे काही नव्हते' असे कोणाला म्हणता येणार नाही. याच कायद्यात राज्य शासनाला स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाच्या दलदलीला असा दर्जा मिळालेला आहे, तेव्हा ही वाट कोकणात अनोळखी नाही. गावचे इतर सडेमालक तयार असतील तर सर्वांनी मिळून विचार करावा. आपल्याच तालुक्यात बारसू आणि देवाचे गोठणे येथील सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला आहे. ज्या कातळावर पूर्वजांनी चित्रे कोरली त्याच प्रकारच्या कातळाच्या भेगांत दीपकाडी उगवते. आपल्या तीन एकरांत कोरीव रेषा आहेत का, तेही पावसाळ्यानंतर गवत कापल्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहून घ्यावे.

एवढे सगळे करूनही खोदकाम टळणार नसेल, तरच कंदांचा विचार करावा, आणि तोही अंगणासाठी नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये पिकू लागलेल्या बोंडांपैकी थोडीच, दहांपैकी दोन-तीन, उकलण्यापूर्वी कागदी पिशवीत गोळा करावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती कुजतात. बिया जवळच्याच सुरक्षित सड्यावर, तशाच भेगांच्या कडेला, त्याच पावसात टाकाव्यात. मालकाची परवानगी घ्यावी आणि कोठे टाकल्या याची नोंद ठेवावी. कंद काढायचेच झाले तर पाने पूर्ण वाळल्यावर, म्हणजे कार्तिकानंतर काढावेत, आणि त्यासाठी आदल्या पावसात प्रत्येक रोपाशेजारी दगडाची खूण करून ठेवावी लागते, कारण त्या वेळी वर काहीच दिसत नाही. हे काम वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या कोणाला सोबत घेऊनच करावे. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाला पत्र लिहिल्यास बहुधा कोणीतरी येते.

या वर्षी मात्र यांपैकी काहीही करण्याआधी भावाला जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा सड्यावर घेऊन जावे. सोबत मातोश्रींनाही न्यावे, कारण जागा त्यांनी पाहिली आहे. सकाळी पाऊस उघडल्यावर जावे, कातळ निसरडा असतो म्हणून सावकाश चालावे, आणि नकाशा काढायला सुरुवात करावी ती त्या भेगेपासून.